करिअर मोडचे जगज्जेते

“झालो! तिसऱ्यांदा जगज्जेता झालो!” बाबांनी टेबलाला लावलेलं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले. टीव्हीच्या पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडत होता. मागे पलंगावर आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, “आणि तो निळ्या गाडीवाला?”

“दुसरा आला. सभ्य माणूस आहे, पण वळणावर हावरटपणा करतो.”

“माणूस कसला? कॉम्प्युटर आहे तो.”

“म्हणून तर सभ्य आहे,” बाबा म्हणाले.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. बाबांनी सव्वीस वर्षं शहरात बस चालवली. मग पाठदुखीचं कारण सांगून त्यांनी डेपोतल्या चौकशीच्या खिडकीवर बदली मागून घेतली. त्याच सुमारास लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाताना तिनं आपला शर्यतींचा गेम बाबांच्या स्वाधीन केला. लांब राहूनही दर रविवारी बाप-लेकीची शर्यत रंगेल, असा तिचा बेत.

पण बाबांनी गेम लावला तो ऑफलाइन. करिअर मोडमध्ये ते एकटेच शिरले. एका खटारा गाडीपासून सुरुवात करून कॉम्प्युटरच्या एकोणीस ड्रायव्हरांना मागे टाकत पार शिखरावर पोचले. ऑनलाइनचं नाव काढलं की मात्र त्यांना कामं आठवायची. कधी नळ गळायचा, कधी नेट मंद असायचं. एकदा तर भर दुपारी ते पंखा पुसायला स्टुलावर चढले. पाठ दुखणारा माणूस स्टुलावर कसा चढतो, हे आईनं तेव्हा विचारलं नाही.

फोन वाजला. लेक होती. आईनं स्पीकर लावला.

“बाबा, अभिनंदन! आता खरं सांगा, हरायला घाबरता ना?”

“मी? छे!”

“मग या ना आज. माझ्या ऑफिसातले पाच जण आहेत. त्या निळ्या गाडीवाल्याबरोबर तुम्ही रोज असता बाबा, माझ्याबरोबर एकदाही नाही.”

लेक हे हसतच म्हणाली, पण आईच्या हातातली घडी विस्कटली. बाबा उठायला लागले तशी ती म्हणाली, “बसा खाली. नळ गळत नाहीये. नेट झकास चाललंय. पंखा लख्ख आहे.”

बाबा बसले.

शर्यत सुरू झाली आणि स्पीकरमधून नुसता कल्ला उसळला. “काका, सांभाळून!” “काका, उजवीकडे घ्या हो!” तीन वेळा जगज्जेते झालेले बाबा सगळ्यांत मागे चालले होते. पुढच्या गाडीत आणि आपल्यात दोन गाड्यांचं अंतर ठेवून, अगदी जपून.

“बाबा, बस नाहीये ती!” लेक ओरडली.

हळूहळू त्यांचा हात मोकळा झाला. पुरेशी जागा दिसली की ते एकेकाला ओलांडत गेले. शेवटच्या फेरीत पुढे फक्त लेक उरली. आई घड्या सोडून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

आणि वळणावर लेकीची गाडी घसरली. गिरकी घेऊन ती रस्त्यात आडवी झाली, बरोबर बाबांच्या समोर.

बाबांचा पाय टेबलाखालच्या ब्रेकवर पडला. टायर किंचाळले. त्यांची गाडी लेकीच्या दारापासून वीतभर अंतरावर थांबली. मागून पाच गाड्या गवतावर चढून भुर्रकन निघून गेल्या.

“बाबा! तुम्हीही गवतावरून जायचं ना! जिंकला असतात!”

बाबा पडद्याकडे बघत राहिले. “थांबली,” ते पुटपुटले.

“काय?”

“अगं, थांबली! वेळेवर थांबली!” आणि ते हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं.

लेकीला काही उमगेना. आईला मात्र दोन वर्षांपूर्वीचा तो चौक आठवला. रस्त्यावर तेल सांडलं होतं, बस घसरली आणि एका फळवाल्याच्या हातगाडीला धडकली. त्याचा हात मोडला होता, दोन महिन्यांत बराही झाला. चौकशीत बाबांचा काडीचाही दोष निघाला नाही. फळवाला स्वतः घरी येऊन संत्री देऊन गेला. विषय संपला, असं सगळ्यांनी धरलं होतं. आईनंसुद्धा.

“पाठीचं काही नव्हतं गं,” बाबा डोळे पुसत म्हणाले. “मला वाटायचं, त्या दिवशी माझाच पाय उशिरा पडला. समोर खरा माणूस आला की पुन्हा तसंच होईल. कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरला धडक बसली तरी त्याची घरी कोणी वाट बघत नसतं.”

फोनवर लेकीनं नाक ओढलं. “बाबा, आपण दोघंच मागे राहिलोय. चला, शेवटचा कोण येतो ते बघू.”

बाबाच शेवटचे आले. आईनं त्यांना इतकं खूश जगज्जेतेपदाच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सोमवारी बाबा उजाडताच बूट घालून तयार झाले. आई डबा भरत होती. “अहो, थांबा जरा, एवढी घाई कसली? पहिली बस चुकणार आहे का?”

“चुकेल कशी?” बाबा दारातून म्हणाले. “मी पोचल्याशिवाय ती सुटतच नाही!”