धाकटीपेक्षा पांढरे

अम्पारो धाकटी सून होऊन फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या घरात आली आणि सासूबाई मासळी बाजारातही तिच्या पांढऱ्याशुभ्र दातांचं कौतुक सांगू लागल्या. ते ऐकून थोरली सून डेल्फिनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी तिनं हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली. "अहो, ते जखमा धुवायचं औषध आहे, दातांना नका लावू," असं दुकानदारीण सांगत होती, तरी डेल्फिना रोज त्यात भिजवलेले कापसाचे बोळे दातांवर दाबून धरू लागली. हिरड्या सोलवटल्या, गार पाण्यानं कळा येऊ लागल्या. पण धाकटीवर मात केल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

गावच्या जत्रेच्या, फिएस्टाच्या दिवशी सगळं घर फोटोसाठी उभं राहिलं. डेल्फिनानं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"मनांग, हसा ना जरा," अम्पारोनं थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत लाडीगोडी लावली.

"ती कसली हसतेय! तुझं कौतुक सोसत नाही तिला," सासूबाई फणकारल्या.



डेल्फिनाचे सगळे दात धाकटीपेक्षा पांढरे झाले होते. पिवळा राहिला होता तो फक्त समोरचा, लग्नाआधी बसवून घेतलेला खोटा दात, जो आजवर घरात कुणालाच ओळखू आला नव्हता.