मागे राहिलेले तीन ठिपके

सुनेला पहिली मुलगी झाली, त्याच वर्षी बोटीच्या केबिनमध्ये सोनारचं मशीन बसलं. पाण्याखालचा मासा त्याच्या पडद्यावर दिसे. “सोनारानंच कान टोचावे, तांडेल,” असं बुटका स्वयंपाकी म्हणाला, तेव्हा बोट चालवणारा म्हातारा तांडेल पोट धरून हसला होता.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. म्हणून पडद्यावरचा मेनू त्यानं मोजून पाठ केला. गोल बटण दोनदा फिरवून दाबलं की खोली. चारदा फिरवून दाबलं की माशाची खूण स्पष्ट. सहाच्या पुढे तो कधी गेला नव्हता. त्याची गरजही पडली नव्हती.

त्या सकाळी धक्का सोडताना मुलगा सगळ्या खलाशांदेखत म्हणाला, “बाबा, आज मशीन तुम्हीच चालवा. जाळं भरलं तर सुकाणू तुमचं. नाही भरलं तर उद्यापासून माझं.”

“चालेल की,” म्हातारा म्हणाला. चाळीस वर्षं तो पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप बघून मासा काढत आला होता. मशीन म्हणजे काय, आणखी एक पक्षी.

पडद्याच्या कोपऱ्यात तीन अक्षरं लुकलुकत होती. काल ती नव्हती.

“हे काय लिहिलंय?”

“मशीन चालू आहे, एवढंच,” मुलगा म्हणाला.

दुपारपर्यंत दोनदा जाळं टाकून झालं. दोन्ही वेळा पडदा माशांनी गच्च भरला होता, आणि दोन्ही वेळा जाळ्यातून शेवाळ वर आलं. एरवी अशा वेळी बुटक्यानं शेवाळाची भाजी करू का म्हणून विचारलं असतं. आज तो काही बोलला नाही. खलाशीही खाली माना घालून जाळं आवरत राहिले. आपली कीव करतात, असं म्हाताऱ्याला वाटलं, आणि ते त्याला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

“मासा खोल आहे. जाळं वरून जातंय,” तो उगाच मोठ्यानं म्हणाला.

आभाळात एकही पक्षी नव्हता. ते त्यानं पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

तिसऱ्यांदा पडद्यावर माशांचा थवा आला. विळ्यासारखा वाकलेला, मागे राहिलेले तीन ठिपके, मधला जरासा वर. जाळं सोडायला सांगण्यासाठी म्हाताऱ्यानं हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. हे तीन ठिपके त्यानं पाहिले होते. सकाळी पाहिले होते आणि मघाशीही. एका आईची जुळी पोरंही वेगळी दिसतात. समुद्रातला थवा एकदा दिसला तसा पुन्हा कधी दिसत नाही.

त्यानं इंजिन बंद केलं. वाराही नव्हता. बोट जागच्या जागी उभी राहिली, पण पडद्यावर समुद्राचा तळ डोंगरासारखा चढत होता, उतरत होता.

“बुटक्या,” त्यानं हाक मारली. “तुला वाचता येतं. या कोपऱ्यात काय लिहिलंय?”

बुटका दारात आला. पडद्याकडे न बघताच म्हणाला, “सराव.”

“म्हणजे?”

“शिकणाऱ्यासाठी असतं ते. चित्रातले मासे. खरे नव्हेत.”

“तुला माहीत होतं.”

“सगळ्यांनाच सांगितलं होतं त्यानं,” बुटका म्हणाला. “म्हणाला, म्हातारा आपण होऊन उठायचा नाही.”

तीस वर्षं दोघांनी एका ताटलीत खाल्लं होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि मुलाला आत बोलावलं.

“हे बंद कर.”

मुलानं बटण फिरवलं. सवयीनं म्हातारा मनात मोजत राहिला. सात, आठ, नऊ. दाबलं. आत आणखी एक मेनू. पाच. दाबलं. त्याच्या आत तिसरा. एवढ्या आत चुकून कुणाचं बोट जात नाही. मग पडद्याच्या मधोमध एक चौकोन उघडला.

“काय म्हणतंय?”

“खात्री आहे का, विचारतंय.”

“आत शिरताना पण विचारलं होतं?”

मुलाचा अंगठा बटणावरच राहिला. “हो, बाबा.”

त्यानं बटण दाबलं. डोंगर गेले, मासे गेले, कोपऱ्यातली अक्षरं गेली. पडद्याच्या तळाशी एक सपाट रेघ उरली आणि तिच्यावर नुसतं पाणी.

“नुसतं ऊठ म्हणाला असतास,” म्हातारा म्हणाला. “उठलो असतो.”

“तीनदा म्हणालो होतो.”

म्हाताऱ्यानं आठवून पाहिलं. म्हणाला होता. एकदा घरी जेवताना, एकदा धक्क्यावर, एकदा इथंच.

तो उठला. बायकोनं शिवून दिलेली उशी खुर्चीवरून काढून त्यानं बगलेत मारली आणि जाळ्याच्या ढिगाशी जाऊन बसला. मुलानं इंजिन सुरू केलं. दूर डाव्या हाताला चार पक्षी पाण्यावर सूर मारत होते. म्हाताऱ्याला ते दिसले. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

नातीला पहिला दात आला, त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी म्हातारा वारला. बोट समुद्रात होती.