पूजेतली पुस्तकं

"घे, उघड बघू. आत कोण दडलंय?" अंगणवाडी तपासायला आलेल्या मॅडमनी कपाटातून काढलेलं हत्तीचं नवंकोरं चित्रपुस्तक चिमुरड्या मुक्तासमोर धरलं.

मुक्ताने ते घेतलं नाही. डोळे मिटून हात जोडले, कपाळ पुस्तकाला टेकवलं आणि मग उजवा तळवा पुढे केला.

"खडीसाखर?"

मॅडम खळखळून हसल्या. अंगणवाडीच्या सुगंधाताईंना मात्र हसू येईना.

पुस्तकं आली तेव्हा त्यांनीच हौसेने प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. पण पोरं फाडणार, चुरगाळणार, मग वरून बोलणी कोण खाणार? म्हणून गठ्ठा कपाटात गेला. बाहेर निघाला तो फक्त दसऱ्याला, पाटीपूजनापुरता. फुलं वाहिली, हळदकुंकू वाहिलं, पोरांनी रांगेने नमस्कार केला, ताईंनी प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि पुन्हा कुलूप लावलं.

"ताई, पुस्तकं जपावीत तर तुम्ही!" मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "कुठे डाग नाही, दुमड नाही. तालुक्याच्या बैठकीत तुमचं नाव घेणार आहे मी."

हेच शब्द ऐकायला ताई आसुसल्या होत्या. आता ते कानांना सोसवेनात. त्या मटकन खाली बसल्या, मुक्ताला मांडीवर ओढलं आणि तिचं इवलंसं बोट धरून हत्तीवर ठेवू लागल्या.

मुक्ताने घाबरून हात मागे घेतला.

"नको ना ताई! हात लावला की बाप्पा रागवतो, तूच सांगितलंस ना?"