कुबडी

“माझ्या गाडीला कुबडी लावायची नाही,” आर्जिया म्हणाली आणि तिने लाटणं फळीवर आपटलं.

लोरिसने कोटावर उडालेलं पीठ झटकलं. मोदेनात त्याचा दातांचा दवाखाना होता. तिथे भले भले त्याच्यापुढे निमूट आ वासून बसत. आई मात्र त्याला तोंड उघडू देत नसे.

“कुबडी कसली आई? स्टीअरिंग हलकं करणारी छोटीशी मोटर असते. खांद्याचं ऑपरेशन होऊन वर्षसुद्धा नाही झालं. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?”

“ते डॉक्टर कधी आबेतोनेचा घाट चढलेत? या गाडीचं स्टीअरिंग हाताशी बोलतं. रस्ता कुठे ओला, कुठे खडी, सगळं सांगतं. मधे मोटर घातली की मुकं होतं. तुझे बाबा हेच म्हणायचे.”

“बाबांचे खांदे धड होते.”

“माझेही आहेत. जन्मभर पास्त्याची पोळी लाटलीय या हातांनी, दात नाही कोरले. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, गाडी मीच वर नेणार. एका वळणावर जरी हात टेकले तरी किल्ली तुझी. मग विक, नाहीतर कोंबड्या पाळ तिच्यात.”

गाडी लाल, दोन माणसांची, तिच्या नवऱ्याने, वानेसने, हौसेने घेतलेली. वेगात असली की तिचं स्टीअरिंग लोण्यासारखं फिरे. पण हळू गेलं, वळण तीव्र आलं, की जातं ओढल्यासारखं वाटे. लोरिसने ती चालवली नव्हतीच कधी. आधी बाबांनी दिली नाही, नंतर आईने.

दुसऱ्या दिवशी तो एर्मेसच्या गॅरेजात गेला. एर्मेस वानेसचा जिवलग दोस्त. गाडीचा नट न नट त्याच्या हातचा.

“एर्मेसकाका, तपासणीला म्हणून गाडी बोलवा आणि ती मोटर गुपचूप बसवून टाका. दिसायला नको, ऐकू यायला नको.”

“आर्जियाला कळलं तर लाटणं माझ्या डोक्यात बसेल.”

“आणि घाटात खांदा निखळला तर? दरीतून तुम्ही काढणार का तिला?”

एर्मेस बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, “बोलावून घेतो गाडी. बघतो.”

शनिवारी त्याचा फोन आला, गाडी तयार आहे. लोरिस धावत गेला. बॉनेट लखलखत होतं. तो आत बसायला वाकला, तर एर्मेसने दाराला पाठ लावली.

“सीटवर पॉलिश आहे, पँट खराब होईल.”

“तिला कळणार नाही ना काका?”

“चाक धरल्यावर? काहीच वेगळं वाटणार नाही तिला. शब्द देतो.”

रविवारी लोरिस आईशेजारी बसला. ऊन कडक होतं. गाव मागे पडलं, घाट सुरू झाला आणि पहिलंच वळण आर्जियाने असं घेतलं, जणू कणकेचा गोळा फिरवला. लोरिसने हसू लपवायला तोंड खिडकीकडे वळवलं.

“काय रे, भ्यायलास?”

“छे. तू झकास चालवतेयस.”

“मग दाराची कडी सोड. उपटशील.”

वरच्या तीव्र वळणावर सायकलवाल्यांचा घोळका आडवा आला. गाडी चढावर थांबवावी लागली. मागच्याने भोंगा वाजवला. आर्जियाने ओठ घट्ट मिटले. ब्रेक सोडून गाडी वीतभर मागे सरकू दिली, मग पुढे घेतली आणि ती सरकत असतानाच चाक पार वळवलं. गाडी अलगद फिरली. तिच्या ब्लाउजची पाठ घामाने चिंब झाली होती.

“फार उकडतंय का आई?”

“ऑगस्ट आहे. बर्फ पडणार का?”

वर पोचल्यावर टाळ्या पडल्या. मेळाव्याचा अध्यक्ष लेआर्को पुढे आला. त्याच्या निळ्या गाडीला त्याने पॉवर स्टीअरिंग राजरोस बसवलं होतं.

“काय आर्जिया, हात भरून आले असतील. आता आमच्यासारखी शहाणी हो.”

“लेआर्को, तू गाडी चालवत नाहीस, गाडी तुला फिरवून आणते. माझ्या गाडीत मी आहे आणि रस्ता आहे. मधे तिसरा कोणी नाही!”

माणसं खदखदून हसली. लोरिस हसला नाही. आईचे डोळे चमकत होते, गालांवर लाली चढली होती, बाबा गेल्यापासून त्याने तिला अशी पाहिली नव्हती. आणि तिच्या या ताठ मानेखाली त्याने बसवलेली चोरटी मोटर होती. गर्दीत उभ्या एर्मेसकडे त्याने पाहिलं. म्हातारा नजर चुकवून गरम तिजेल्ल्यात, त्या छोट्या चपट्या पावात, डुकराची चरबी भरत होता. लोरिसने मनाशी ठरवलं, मरेपर्यंत हे तोंडून काढायचं नाही. तिला जिंकू दे. सगळ्या जगापुढे, आपल्यापुढेसुद्धा.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, लाल गाडी बाजूला घ्या, वाट अडलीय. आर्जियाच्या एका हातात लाम्ब्रुस्को वाइनचा पेला होता, दुसऱ्यात तिजेल्ला. आयुष्यात पहिल्यांदा तिने लेकाकडे किल्ली भिरकावली.

“जा, त्या झाडाखाली लाव. ओरखडा आला तर घरी यायचं नाही.”

लोरिस आत बसला. पुढे लेआर्कोची गाडी खेटून उभी होती. चाक पार वळवल्याशिवाय निघता येणार नव्हतं. त्याने इंजिन सुरू केलं, ऐटीत कोपर खिडकीवर टेकलं आणि एका तळव्याने स्टीअरिंग वळवायला घेतलं. ते वळेना. मोटर बंद असेल म्हणून त्याने किल्ली पाहिली. इंजिन तर सुरूच होतं. मग त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं, पाय रोवले, दात-ओठ खाऊन सगळं अंग टाकून ओढलं. चाक तसूभरही हललं नाही. काहीच वेगळं वाटणार नाही तिला, एर्मेसने शब्द दिला होता.