टेबलावरून

जावयाने कॉम्प्युटर सासऱ्यांच्या दुकानात आणून ठेवला.

"बाबा, सिस्टिम नव्याने टाकतोय, पण मध्येच अडकते. हिचं टायपिंगचं काम बंद पडलंय. दिवसभर नुसती बसून असते."

"पडला वगैरे होता का?"

"हां, टेबलावरून. पुसताना हिनेच पाडला." त्याला ऑफिसची घाई होती. तो गेला.

सासऱ्यांचा जन्म अशी मशीनं दुरुस्त करण्यात गेला होता. त्यांनी आपल्याकडच्या पेनड्राइव्हवरून सिस्टिम टाकून पाहिली. एकदा ती सुरुवातीलाच अडकली, एकदा पार शेवटाला येऊन. दर वेळी वेगळ्याच जागी. म्हणजे आतलंच काहीतरी बिनसलं होतं. रॅम काढून त्यांनी दुसऱ्या मशीनला लावली. तिथे ती मुकाट चालली. डिस्कही धडधाकट निघाली. मग मदरबोर्ड सोडवून दिव्याखाली धरला. रॅमच्या खाचेशेजारी केसाएवढी चीर गेली होती.

त्यांनी बाजूला काढून ठेवलेला कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा उचलला. टेबलावरून पडलेल्या मशीनचा कोपरा चेपतो. याचे चारही कोपरे शाबूत होते. खड्डा मधोमध होता, बुटाच्या टाचेएवढा.

पत्रा हातात तसाच धरून त्यांनी लेकीला फोन लावला.

"कॉम्प्युटर कसा पडला गं?"

"टेबलावरून." पाठ करून ठेवल्यासारखं तिने सांगितलं.

"आणि तू?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मीपण, बाबा," ती म्हणाली. "टेबलावरूनच."

त्यांनी मशीन उघडंच टाकलं, भरदिवसा शटर ओढलं आणि तिचं घर गाठलं.

दार तिनेच उघडलं. डावा हात तिने पोटाशी धरला होता. बोटं सुजली होती.

"चार कपडे घे. चल."

ती आत गेली. पिशवीत कपडे कोंबता कोंबता थबकली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"जरा थांबा ना, बाबा. एवढी भाजी होऊ दे. त्यांना आल्या आल्या ताट लागतं."

एका हाताने ती भाजी ढवळू लागली, खाली लागू नये म्हणून.

बाबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी हात पुढे करून गॅस बंद केला.