दुसऱ्या मंगळवारचा भाव

"आली, आली! कोपऱ्यावर दिसतेय. पाटी पूस!" एलादिया दारातूनच ओरडली.

बेकरीवाल्या अन्सेल्मोने ओल्या फडक्याने पाटीवरचे बावीसशे पेसो पुसले आणि खडूने चौदाशे लिहिले. किलोभर पावाचा हा भाव सप्टेंबरातला. आता फेब्रुवारी अर्ध्यावर आला होता.

अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहराच्या त्या गल्लीत सरकारी माणसाला कुणी उलट प्रश्न विचारत नसे. गेल्या वर्षी जास्त भाव लावला म्हणून शेजारच्या कसायाच्या दुकानाला टाळं लागलं होतं. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ही फाइलवाली बाई आली, की सगळी गल्ली जुने भाव लावून बसायची.

एलादियाला काळजी होती ती स्वतःची. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. पेन्शनीत महिन्याचे वीस दिवस कसेबसे निघत. उरलेले दहा निघत ते अन्सेल्मोकडच्या कालच्या, फुकटच्या पावावर. हे दुकान बंद झालं, तर मार्चमध्ये पेन्शन वाढेपर्यंत खायचं काय?

"एलादियाबाई, हात थरथरतायत माझे."

"मग पिठात घाल! आणि तोंड मिटून उभा राहा मेल्या. बोलायचं ते मी बोलते."

बाई आत आली. पाटी पाहून तिने लिहून घेतलं.

"भाव हाच? नक्की?"

"नक्की म्हणजे काय! मी रोज नेते. मास्तरीण होते बाई मी, खोटं बोलेन का?"

"आणि दूध, साखर? बाकीच्या दुकानांत?"

"सगळं जिथल्या तिथे. इथे काही हलत नाही हो."

बाईने पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं. मग बाईने फाइल मिटली.

अन्सेल्मोने पिठातून हात बाहेर काढले. एलादिया पोत्यावर टेकली, आणि तिला हसू आवरेना. सुटलो एकदाचे! हलकं वाटलं तसा धीरही आला.

"म्हणजे दुकानाला आता काही होणार नाही ना, पोरी?"

"दुकानाचं मला काय करायचंय?" बाई दाराशी थांबून हसली. "मी पेन्शन खात्यातली. अशा गल्ल्यांमधले भाव जेवढे चढले असतील, तेवढीच मार्चमध्ये तुमची पेन्शन वाढते."