यादीत नसलेलं नाव

"गोविंदा नको. खालच्या आळीतच दोन गोविंदा हायेत," नारायणराव मास्तर स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी नावावर काट मारली.

पाच वाजेपर्यंत दिवाळी अंकाला कथा पाठवायची होती आणि गाडं अडलं होतं एका किरकोळ माणसापाशी. दीड पानापुरता येतो, पुरात वाहून जातो, संपला! पण त्याची माय काठावरून त्याला हाका मारते, म्हणजे नाव तर हवंच.

एरवी मास्तरांनी एवढा घोळ घातला नसता. पण तीन वर्षांपूर्वी त्यांनी कथेतल्या किसनला विहिरीत पाडलं आणि महिन्याभरात त्यांच्याच गावचा, जानेफळचा किसन विहिरीत बुडाला. गेल्या दिवाळीत कथेतल्या गोकुळला साप चावला. शेजारच्या गोकुळनं संक्रांत पाहिली नाही. तेव्हापासून लोक तोंडावर म्हणत, "मास्तर, आमच्या पोराचं नाव घेऊ नका बाप्पा!" मास्तर हसण्यावारी न्यायचे. आतून मात्र पार टरकले होते.

सकाळपासून ते मतदार यादी उपसत होते. इंद्रभान? आहे. जीवन? चार-चार! शेवटी एक नाव सुचलं. मृगांक. जानेफळच्या यादीत नाही, शेजारच्या डोणगावच्याही नाही.

राहिलं सुनेचं माहेर, उंद्री. मास्तरांची बायको अंबूबाई लेकीला, काजलला, घेऊन नातवाच्या बारशाला तिथंच गेल्या होत्या. नवरा कथेपायी आला नाही म्हणून फुरंगटूनच गेलेल्या. मास्तरांनी फोन लावला. पलीकडे बायकांचा कलकलाट.

"अवं, तिकडं कोणाचं नाव मृगांक हाये का? नीट इचार."

"कोन्तं?"

"मृगांक!"

अंबूबाईंनी मोठ्यानं विचारलं. थोडी कुजबुज झाली.

"नाही बाप्पा, कोणाचंच नाही. काऊन?"

"सांगतो मंग."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जागोजागी नाव घातलं आणि कथा पाठवून दिली. लगेच संपादकांचा निरोप आला: मिळाली, छपाईला गेली.

"सुटलो एकदाचा!" म्हणत त्यांनी चहा ठेवला, तोच फोन वाजला.

"अहो, माहा सारा राग गेला!" अंबूबाईंना आनंद आवरत नव्हता. "मले वाटलं, तुम्हाले नातवाची फिकीरच नाही. अन् तुम्ही तं घरी बसून नाव शोधून राह्यले होते! काजलले लय आवडलं. आत्याचाच मान, तिनं आत्ताच बाळाच्या कानात कुर्र केलं. घ्या, बोला आपल्या मृगांकसंगं!"